बाळाच्या हृदयात दोष निघालाय आणि बाळ एनआयसीयूत आहे: नव्यानं आलेल्या आईबाबांसाठी

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाइलवर जो हे वाचतोय त्याच्यासाठी लिहितोय. मी बाप आहे, डॉक्टर नाही. माझ्या मुलीला टीजीए होता, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली. दहाव्या दिवशी ऑपरेशन झालं, आता ती पाच वर्षांची आहे आणि आत्ता शेजारी बसून माझा चार्जर ओढतीये. त्या दिवसांत जे कळलं आणि नंतर फॉलोअपच्या रांगेत बाकीच्या आईबापांकडून जे ऐकलं ते क्रमानं सांगतो. औषध, डोस, ऑपरेशन कधी, हे सगळं तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यासमोर काय विचारायचं तेवढं तरी कळावं म्हणून हा खटाटोप.

आधी घरच्यांची तोंडं बंद करा

हो, हीच पहिली पायरी. दर १००० जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, आणि त्यातल्या साधारण पाव बाळांचाच दोष असा असतो की पहिल्या वर्षात ऑपरेशन किंवा कॅथेटरनं (शिरेतून बारीक नळी घालून) काहीतरी करावं लागतं. हृदय गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांत घडून जातं, कित्येकदा तेव्हा जेमतेम टेस्ट पॉझिटिव्ह आलेली असते. आमच्या आईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "ग्रहणात हिनं काही चिरलं होतं का रे?" माझी बायको टाके पडलेल्या पोटावर हात ठेवून पलंगावर होती, तिनं ऐकलं. ते वाक्य ती अजून विसरलेली नाही. ग्रहणाचा, पपईचा, जिने चढल्याचा काही संबंध नाही. आईची शुगर आधीपासूनच जास्त असणं, पहिल्या तीन महिन्यांत रुबेला होणं, फिट्सची काही औषधं, जनुकातला दोष, जवळच्या नात्यातलं लग्न अशी काही कारणं माहीत आहेत, पण बहुतेक बाळांत कारण सापडतच नाही. जनुकांची तपासणी सांगितली तर करून घ्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, आणि ते कळलं तर पुढचं प्लॅनिंग बदलतं.

मग डक्ट समजून घ्या, बाकी सगळं त्यावर आहे

हे मला तिसऱ्या दिवशी एका रेसिडेंट मॅडमनी केस पेपरच्या मागं चित्र काढून समजावलं, त्याआधी दोन दिवस मी नुसता मान हलवत होतो.

पोटात असताना बाळ फुप्फुसानं श्वास घेत नाही, त्यामुळं फुप्फुसाकडं जाणारं बरंचसं रक्त एका छोट्या नळीतून सरळ मोठ्या धमनीत वळवलेलं असतं. ती नळी म्हणजे डक्ट. आपल्याकडं नवीन पूल होईपर्यंत सगळी वाहतूक जुन्या फरशी पुलावरून चालते ना, तसं. जन्मानंतर फुप्फुसं चालू झाली की फरशी पुलाची गरज संपते आणि बहुतेक बाळांत तो पहिल्या दोनतीन दिवसांत आपोआप बंद होतो. आता समजा एखाद्या बाळाचा मोठा पूल बांधलाच गेला नाहीये, म्हणजे फुप्फुसाकडं जाणारी झडप बंदच आहे, किंवा शरीराला रक्त देणारी महाधमनी मध्येच आवळलेली आहे, किंवा डावी बाजूच नीट वाढलेली नाही. अशा बाळाची सगळी वाहतूक फरशी पुलावरूनच चाललेली असते आणि निसर्गाला ते माहीत नसतं, तो ठरल्या वेळी पूल बंद करायला घेतो. म्हणून जन्मल्यावर छान रडलेलं, गुलाबी, दूध ओढणारं बाळ दुसऱ्यातिसऱ्या दिवशी अचानक निळं किंवा राखाडी पडतं, आणि घरी सोडलेलं असलं तर घरीच पडतं.

तो पूल उघडा ठेवायचं औषध म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, सिस्टर लोक नुसतं 'पीजी' म्हणतात. सिरिंज पंपातून थेंब थेंब सतत चालू असतं. शरीरात ते काही मिनिटंही टिकत नाही, त्यामुळं ते थांबून चालत नाही, आणि म्हणूनच त्या लाइनला सिस्टर कुणाला हात लावू देत नाहीत. त्यानं बाळाला ताप येऊ शकतो, अंग लालसर होतं, आणि मुख्य म्हणजे श्वास मध्येच थांबू शकतो, छोट्या वजनाच्या बाळांत जास्त. तेव्हा पीजी चालू केल्यावर बाळाला व्हेंटिलेटरवर घेतलं तर "तब्येत बिघडली" असं लगेच समजू नका, आधी विचारा की पीजीमुळं घेतलंय का.

टीजीएत गंमत वेगळी. तिथं शरीराचं रक्त शरीरातच फिरतं आणि फुप्फुसाचं फुप्फुसात, दोन गिरण्या शेजारी शेजारी चाललेल्या पण पट्टा जोडलेला नाही. कुठंतरी दोन्ही रक्तं मिसळली तरच बाळ जगतं. त्यासाठी वरच्या दोन कप्प्यांतल्या पडद्यातलं भोक मोठं करतात, मांडीच्या किंवा नाळेच्या शिरेतून फुगा आत नेऊन तो फुगवून झटक्यानं मागं ओढतात. १९६६ पासून हे करतायत. आमच्या पोरीचं वॉर्मरवरच (बाळाला ऊब देणारा पलंग), इकोचं म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं मशीन शेजारी लावून केलं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ५८ वरून ७९ वर आलं आणि मी बाहेर जाऊन जिन्यात बसून रडलो.

उलट मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत हाच डक्ट बंद होत नाही म्हणून त्रास होतो. तिथं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊन तो बंद करायचा प्रयत्न करतात, आणि पुष्कळदा नुसतं थांबलं तरी बंद होतो. त्यामुळं शेजारच्या बेडच्या बाळालाही 'डक्ट'च आहे म्हणून त्याच्या बाबांच्या आणि तुमच्या गोष्टी जुळवत बसू नका, आजार वेगळे, औषध बरोबर उलटं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, वहीत लिहून न्या

साधी दोनशे पानी वही घ्या. राउंडच्या वेळी डॉक्टर चार मिनिटं देतात आणि त्यात आपलं डोकं बधीर असतं. आमचे प्रश्न हे होते:

- दोषाचं नेमकं नाव काय, आणि चित्र काढून दाखवाल का?
- बाळ डक्टवर अवलंबून आहे का? पीजी चालू आहे का?
- या बाळासाठी सॅच्युरेशन किती असलं की तुम्ही समाधानी?
- ऑपरेशन लागणार का, लागणार तर तासांत, दिवसांत की महिन्यांत?
- ते इथं होतं का, आणि नसेल तर कुठं?

तिसरा प्रश्न मला वाटतं सगळ्यात कामाचा आहे. आपण कोविडपासून ९५ च्या खाली आलं की घाबरायला शिकलोय. हृदयाच्या कितीतरी बाळांत डॉक्टरांना ७५ ते ८५ च हवं असतं, आणि जास्त ऑक्सिजन दिला तर डक्ट आवळतो किंवा सगळं रक्त फुप्फुसाकडं पळतं आणि शरीर उपाशी राहतं. एका काकांनी आमच्यासमोर सिस्टरशी भांडण काढलं होतं, "८२ दिसतंय, ऑक्सिजन का वाढवत नाही?" ती बिचारी शांतपणे म्हणाली, दादा, त्याला ८२ च पाहिजे.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर दोषागणिक बदलतं. पडद्यातलं छोटं भोक असेल तर नुसतं बघत राहतात, बरीच आपोआप भरतात. टीजीएचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोनतीन आठवड्यांत, कारण डावा कप्पा हलक्या कामाला सोकावला की नंतर त्याला शरीरभर रक्त ढकलायचं झेपत नाही. फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या आणि शिवाय त्यांत अडथळाही असेल तर मात्र ती खरी इमर्जन्सी, तिथं पीजीचाही फारसा उपयोग नसतो, रात्री दोनलासुद्धा ऑपरेशनला घेतात.

दुसरीकडं हलवायचं असेल तर

आमची डिलिव्हरी तालुक्याच्या गावात झाली, नाव घेत नाही. तिथं पोरगी निळसर दिसतीये असं माझ्या सासूबाईंनी सकाळी सांगितलं, उत्तर आलं की थंडीनं होतं, गुंडाळून ठेवा. हातपाय निळसर दिसणं नवजात बाळात चालतं, ते खरं, पण बघायची असते जीभ आणि हिरड्या, आपल्या सावळ्या पोरांत तर तिथंच कळतं. संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, सुई नाही काही नाही, जन्मानंतर २४ तासांनी करायची, दोन्हीकडं ९५ किंवा वर आणि दोन्हींत ३ पेक्षा जास्त फरक नाही असं आलं तर पास, ९० च्या खाली आलं तर लगेच धावपळ. तुमच्या ओळखीत कुणी बाळंत होणार असेल तर डिस्चार्जआधी ही मागून घ्या, प्लीज. आणि पास झालं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही, महाधमनी आवळलेली काही बाळं यातून निसटतात, म्हणून मांडीतली नाडी हातानं तपासलेली पाहिजे. मर्मर (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) ऐकू आला नाही म्हणजे हृदय ठीक, हाही समज सोडा, आमच्या पोरीला मर्मर नव्हताच.

हलवताना आधी समोरच्या हॉस्पिटलला फोन करून बेड आहे का, बाळांचे हृदयाचे सर्जन आहेत का, पीजी आहे का हे डॉक्टरांनीच डॉक्टरांना विचारलेलं बरं. १०८ फुकट आहे पण गाडीत नवजात बाळाचा व्हेंटिलेटर आणि इनक्युबेटर आहे का ते विचारा, नसेल तर त्यांनाच सांगा की तशी गाडी हवी. पीजी चालू करूनच निघा, एक जादा सुई लावलेली असावी, म्हणजे एक निघाली तर दुसरी. सोबत रेफरल चिठ्ठी, इकोचा रिपोर्ट, कुठली औषधं कधी दिली तो कागद, आईच्या रक्ताचा सॅम्पल, आईबापांची आधार कार्डं आणि रेशन कार्ड. आई टाक्यांमुळं मागं राहणार असेल तर तिच्याजवळ एक माणूस असा ठेवा जो कमी बोलतो.

आत गेल्यावर

कोपरापर्यंत हात धुवायचे, घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर. बाळाला नाव नसतं, पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव. आमचं बारसं राहिलं, पाचवी राहिली, चौथ्या दिवशी मी तिच्या कानात हळूच नाव सांगून टाकलं. आजीचा काळा दोरा आणि अंगारा आत चालत नाही, सिस्टरनी तो दोरा प्लास्टिकच्या पुडीत घालून वॉर्मरच्या पायाला चिकटपट्टीनं लावून दिला, आजी खूश.

मॉनिटरकडं बघत बसू नका असं सगळे सांगतात आणि सगळे बघतातच. म्हणून थोडक्यात: हिरवी रेघ बहुतेक ठिकाणी हृदयाचे ठोके, नवजात बाळात १२० ते १६० असतात, आपल्यासारखे ७० नाही. सॅच्युरेशन पायाला लावलेल्या लाल दिव्यावरून येतं आणि बाळानं पाय हलवला, प्रोब सरकला की आकडा पडतो नि अलार्म वाजतो. आधी बाळाच्या तोंडाकडं बघा, मग सिस्टरकडं, मग आकड्याकडं. सिस्टर निवांत असेल तर तुम्हीही निवांत. मी पहिल्या रात्री दर अलार्मला ओरडायचो, शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरनी माझी खुर्चीच फिरवून ठेवली, तोंड बाळाकडं आणि पाठ स्क्रीनकडं. "बाबा, तिचा पाय धरा, आकडे मी बघते." तीन किलोच्या बाळाचा पाय माझ्या अंगठ्याएवढा होता. धरला तर तिच्या ठोक्यांचा आकडाही खाली आला म्हणे.

रक्त सारखं का काढतात म्हणून वाद घालू नका, पण विचारा जरूर. तीन किलोच्या बाळात एकूण रक्त पाव लिटरच्या आसपास, त्यामुळं चांगल्या युनिटमध्ये तेही थेंब मोजूनच काढतात. ब्लड गॅस, लॅक्टेट हे शब्द कानावर पडतील. लॅक्टेट वाढत चाललं म्हणजे शरीराला रक्त कमी पोचतंय. मी रोज तेवढा एकच आकडा वहीत लिहायचो.

दुधाचं काम आईबापांचं

हे एकच काम तिथं आपल्या हातात असतं म्हणून जरा सविस्तर. बाळ तोंडानं पीत नसलं तरी आईनं पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करायची, दिवसात आठ वेळा तरी, रात्रीची एक वेळ चुकवायची नाही. पहिले दोन दिवस चमचाभरच येतं, तो चीकच सोन्यासारखा. हृदयाच्या बाळांच्या आतड्याला रक्त कमी मिळत असतं, त्यामुळं आतड्याला सूज येऊन सडण्याची भीती असते, आणि त्यापासून वाचवायला आईच्या दुधासारखं काही नाही. म्हणूनच डॉक्टर दूध थेंबाथेंबानं वाढवतात आणि पोट फुगलं की थांबवतात. दर वेळी 'आज दूध बंद केलं' ऐकून काळीज खाली जातं, पण पुन्हा चालू होतं.

बायको साठ किलोमीटरवर ॲडमिट होती. मेहुणा रोज सकाळी स्टीलच्या छोट्या डब्यांतून दूध आणायचा, आइसबॉक्समध्ये, वर नाव, तारीख, वेळ मार्करनं. पहिल्या दिवशी मार्कर ओल्यानं पुसला गेला आणि सिस्टरनी ते दूध घेतलं नाही, बरोबरच होतं, पण तो अठरा मिलीचा डबा ओतताना मेहुण्याचा चेहरा बघवेना. त्यानंतर आम्ही लेबलवर सेलोटेप मारायला लागलो. दूध कमीच येत असेल तर मिल्क बँकेची चौकशी करा. आशियातली पहिली मिल्क बँक मुंबईत सायन हॉस्पिटलमध्येच १९८९ ला सुरू झाली, आता इतरही ठिकाणी आहेत.

पैसे

लाजू नका, पहिल्याच दिवशी विचारा. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बाळांच्या हृदयाची बरीच ऑपरेशनं बसतात, पण योजनेतल्या हॉस्पिटलातच आणि आधी मंजुरी घेऊन. तिथं आरोग्यमित्राचा काउंटर असतो, त्याला भेटा. रेशन कार्डावर बाळाचं नाव नसणारच, म्हणून जन्माची नोंद लगेच करून दाखला घ्या, २१ दिवसांत फुकट होते. दुसरा रस्ता आरबीएसके, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ ला आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात जन्मजात हृदयदोष आहे, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी विभागात (मुलांचे जन्मजात दोष बघणारा विभाग) चौकशी करायची. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के बेड निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायचे असतात, तिथल्या समाजसेवकांना भेटा, उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला लागतो. खारघरला सत्य साई संजीवनी हॉस्पिटलात मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, पण त्यांच्याकडं नंबर लागतो, अगदी तातडीचं असेल तर आधी फोन करा. कंपनीचा विमा असेल तर एचआरला त्याच दिवशी मेल टाकून बाळाचं नाव घालून घ्या. स्वतः काढलेल्या बऱ्याच पॉलिसी बाळाला ९० दिवसांनंतरच घेतात, ते बारीक अक्षरातलं आधी वाचा.

ऑपरेशनच्या दिवशी

सहीचे कागद वाचा, रक्तदात्यांची सोय करा, आणि जेवून घ्या. बाकी काही करता येत नाही. हृदय बाळाच्या मुठीएवढं, त्यात टीजीएला दोन मोठ्या वाहिन्या कापून बदलतात आणि केसाएवढ्या कोरोनरी, म्हणजे खुद्द हृदयाला रक्त देणाऱ्या वाहिन्या, नवीन जागी शिवतात, सात आठ तास सहज जातात.

नंतरचं मात्र आधी माहीत असू द्या, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाळ सुजलेलं असतं, ओळखू येत नाही. छातीतून ड्रेनच्या नळ्या, ठोके सांभाळणाऱ्या पेसिंगच्या वायरी, कधी पोटात डायलिसिसची नळी. आणि छाती कधीकधी एकदोन दिवस उघडीच ठेवतात, वर फक्त पारदर्शक पडदा, कारण सुजलेल्या हृदयाला बंद छातीत जागा पुरत नाही. मी ते बघून मागं सरलो होतो. ते ठरवून केलेलं असतं, सूज उतरली की बंद करतात. आईला आत नेण्याआधी तिला हे सांगून ठेवा, तिला तिथं पहिल्यांदा कळू देऊ नका.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्डावर औषधं मिलीमध्ये लिहून घ्या आणि सिरिंजनं भरून सिस्टरसमोर एकदा करून दाखवा. रोजचं वजन २० ते ३० ग्रॅम वाढलं पाहिजे, त्यासाठी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा भाड्यानं घ्या. दूध पिताना कपाळाला घाम, मध्येच थांबून धापा टाकणं, अर्ध्या तासात पिणं न संपणं, लघवी कमी, जीभ निळी, कण्हणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. शंट (रक्ताला वाट करून द्यायला बसवलेली छोटी नळी) किंवा डक्टमध्ये स्टेंट घातलेल्या बाळांना साधे जुलाब उलट्यासुद्धा धोक्याच्या, अंगातलं पाणी कमी झालं की शंटमध्ये गुठळी होऊ शकते, त्यांनी ओआरएस घरी देत बसू नये, सरळ हॉस्पिटल गाठावं. लसी वेळेवर, पण आधी कार्डिऑलॉजिस्टना विचारून, रक्त दिलेलं असेल तर काही लसी पुढं ढकलतात. गावाकडच्या डॉक्टरांना एकदा भेटून कागद दाखवून ठेवा, त्यांना बाळाचं नेहमीचं सॅच्युरेशन किती ते लिहून द्या, नाहीतर रात्री बारा वाजता ताप घेऊन गेलात की ते ८० बघून घाबरतात आणि ऑक्सिजनचा मास्क लावतात.

पुढच्या गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांत फीटल इको करून घ्या. आमचं दुसरं पोरगं पोटात असताना केला, डॉक्टर अर्धा तास काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या चारी कप्पे दिसतायत, वाहिन्या जागेवर आहेत. बायकोनं विचारलं, परत एकदा दाखवता का. त्यांनी परत दाखवलं.